बाळंतपणानंतर लघवी थांबत नसेल तर

ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की चैत्र-वैशाखात या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. फडावर झालेली बाळंतपणे, त्यांत झालेल्या इजा आणि त्या इजा घेऊन घराच्या कोपऱ्यात बसलेल्या बायका या पत्रांतून भेटतात. बहुतेक पत्रे त्या बाईने स्वतः लिहिलेली नसतात. नणंद, बहीण, गावातल्या आशाताई किंवा एखादे शिक्षक तिच्यासाठी लिहितात. या महिन्यात अशाच काही पत्रांना उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली इजा दुरुस्त होऊ शकते हे मराठवाड्यातल्या शिकल्यासवरल्या घरांतही पुष्कळांना ठाऊक नसते. पत्रलेखकांची नावे आणि गावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी धाकटी भावजय १९ वर्षांची आहे. पौष महिन्यात ती माझ्या भावाबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि तिथेच कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, तिचे पहिले बाळंतपण अडले. दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस तिला कळा येत होत्या. टोळीतल्या बायकांनी जमेल ते केले. शेवटी टोळीला कामावर नेणाऱ्या मुकादमाने गाडीची सोय केली, तिला दवाखान्यात नेले, पण बाळ मेलेले जन्मले. त्यानंतर आठव्या-नवव्या दिवसापासून तिची लघवी थांबत नाही, झोपेतही गळत राहते. उजवे पाऊलही नीट उचलत नाही, चालताना फरफटते. घरात वास येतो म्हणून तिचे अंथरूण गोठ्याकडच्या पडवीत टाकले आहे. आई म्हणते, ओल्या बाळंतिणीने पाणी जास्त प्यायले म्हणून असे झाले. शेजारच्या बायका बाहेरची बाधा म्हणतात. भाऊ तिला कायमचे माहेरी पाठवण्याच्या विचारात आहे. ती आता दिवसभर पाणीच पीत नाही. यावर काही उपाय आहे का?
— एक वाचक भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : ताई, उपाय आहे. तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून तिच्या मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्या मधल्या पडद्याला छिद्र पडले असावे असे दिसते. या इजेला फिस्टुला म्हणतात. तपासणीनंतर निदान पक्के होईल, पण तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी, म्हणजे दोन रात्रींच्या कळा, मृत बाळ, आठवड्यानंतर सुरू झालेली गळती आणि लुळे पाऊल, एकत्र आल्या की कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या मनात हेच निदान पहिल्यांदा येते.

हे कसे घडते ते आधी सांगते, कारण तुमच्या घरात तिच्यावर जो आळ आला आहे तो हे समजल्याशिवाय दूर होणार नाही. बाळाचे डोके आईच्या कटीच्या हाडांतून खाली सरकत बाहेर येते. कटी अरुंद असेल, तिची वाढ पुरती झालेली नसेल किंवा बाळ आडवे-तिरके असेल, तर डोके मध्येच अडकते. कळा मात्र थांबत नाहीत. प्रत्येक कळेबरोबर डोके पुढच्या हाडावर दाबले जाते आणि त्या दोन टणक गोष्टींच्या मध्ये मूत्राशय व योनिमार्गाचा मऊ भाग चिरडला जातो. हा दाब तासन् तास टिकला की त्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मरतो. मेलेला भाग त्याच दिवशी गळून पडत नाही. साधारण तीन ते दहा दिवसांत तो सुटतो आणि तिथे छिद्र उरते. म्हणूनच तिची गळती बाळंतपणाच्या दिवशी सुरू न होता आठव्या-नवव्या दिवशी सुरू झाली. मधले दिवस बरे गेल्यामुळे लोकांना वाटते की नंतर काहीतरी खाल्ल्या-प्यायल्याने किंवा बाधेने हे झाले. प्रत्यक्षात इजा त्या दोन रात्रींतच झालेली होती. दाब मागच्या बाजूला आला, तर गुदाशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडते आणि मग शौचावरही ताबा राहत नाही.

पावलाचे कारणही तेच आहे. पायाकडे जाणाऱ्या नसा कटीतून जातात आणि अडकलेल्या डोक्याचा दाब त्यांच्यावरही येतो. लघवी गळणे आणि पाय फरफटणे या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एकाच वेळी दिसल्या की गावात देवऋषी आठवतो. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. पायाची ताकद बहुतेक जणींमध्ये महिन्यांच्या हिशेबाने हळूहळू परत येते, कधी दोन वर्षेही लागतात. तोवर घोटा आखडू नये म्हणून पाऊल हाताने वर उचलून ताणण्याचा व्यायाम रोज करून घ्यावा आणि दवाखान्यात फिजिओथेरपीची चौकशी करावी.

तुमच्या आईंना माझा निरोप सांगा की पाणी प्यायल्याने छिद्र पडत नाही. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे आणि ती कोणत्याही बाळंतिणीसाठी वाईटच आहे, पण हिच्यासाठी ती दुप्पट वाईट आहे. पाणी कमी केल्याने गळती थांबत नाही. लघवी दाट आणि तीव्र होते, वास वाढतो, मांड्यांची कातडी सोलवटते आणि मूत्राशयात खडा होण्याची शक्यता वाढते. वैशाखातल्या उन्हात तर तिने दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यायलाच हवे. लघवी पाण्यासारखी फिकी झाली की वास आपोआप कमी होतो. दिवसातून तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुऊन, अंग कोरडे करून मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे आणि सुती घड्या उन्हात वाळवून वारंवार बदलाव्यात. एवढे केले तरी तिचे अंथरूण पडवीतून घरात येऊ शकते. ऑपरेशनची वाट न पाहता ते तुम्ही आजच आणावे अशी माझी तुम्हाला विनंती आहे.

आता दवाखान्याविषयी. गळती नुकतीच सुरू झालेली असताना चार ते सहा आठवडे लघवीची नळी ठेवली, तर लहान छिद्र कधी कधी आपले आपण मिटते, कारण मूत्राशय रिकामे राहिल्याने कडा जवळ येऊ शकतात. तुमच्या भावजयीच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे, म्हणून आता शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागेल. तिला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा लातूर-नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, जिथे जाणे सोयीचे असेल तिथे, स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत न्या. केसपेपर काढताना नुसते ‘लघवीचा त्रास’ असे सांगू नका. ‘बाळंतपण अडले, बाळ गेले आणि तेव्हापासून लघवी सतत गळते’ असे पूर्ण वाक्य सांगा. नुसता लघवीचा त्रास म्हटले की जंतुसंसर्गाच्या गोळ्या हातात पडतात आणि महिना वाया जातो. मी हे वारंवार पाहिले आहे.

तिथे एक साधी तपासणी होईल. योनिमार्गात कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवतात, नळीने मूत्राशयात निळ्या रंगाचे पाणी भरतात आणि थोडे चालायला सांगून बोळे काढून पाहतात. बोळा निळा झाला तर छिद्र मूत्राशयाला आहे. बोळा ओला झाला पण निळा झाला नाही, तर मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नलिकेला इजा असण्याचा संशय येतो आणि पुढच्या तपासण्या वेगळ्या होतात. या तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रिया बहुतेक वेळा खालच्या मार्गानेच, कमरेत भूल देऊन होते. पोट फाडण्याची गरज थोड्याच जणींना पडते. साधे छिद्र असेल आणि अनुभवी सर्जन असेल, तर दहापैकी सुमारे नऊ जणींचे छिद्र बंद होते. मात्र पहिल्या प्रयत्नाला यशाची शक्यता सगळ्यांत जास्त असते. फसलेल्या ऑपरेशनचा व्रण पुढचे काम अवघड करतो. म्हणून जवळ आहे आणि लगेच करतो म्हणतात एवढ्यावर कुठेही ऑपरेशन करून घेऊ नका. डॉक्टरांना थेट विचारा की ही शस्त्रक्रिया तुमच्याकडे नेहमी होते का, आणि त्यांनी पुढे पाठवले तर त्याचा राग मानू नका. ऑपरेशननंतर नळी आठवडा-दोन आठवडे ठेवतात आणि ती नळी एक क्षणही वाकू किंवा तुंबू द्यायची नसते. बरोबर राहणाऱ्या माणसाचे मुख्य काम तेच असते, तेव्हा बरोबर जाणारे माणूस तुम्ही असलात तर मला बरे वाटेल. छिद्र बंद झाल्यावरही खोकताना-शिंकताना थोडी लघवी येण्याचा त्रास काही जणींना राहतो. त्यावर वेगळे उपचार आहेत. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

राहिला तुमचा भाऊ. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा. त्यांनी बाळ गमावले आहे, हे मी विसरत नाही. पण त्यांच्या बायकोने बाळही गमावले आणि शरीरही दुखवून घेतले, आणि त्या दोन रात्री तिने जे सोसले त्याला तिची कोणतीही चूक कारण नव्हती. जगात सुमारे पाच लाख स्त्रिया ही इजा घेऊन जगत असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे आणि २०१३ पासून २३ मे हा दिवस याच इजेच्या निर्मूलनासाठी पाळला जातो. यांतल्या बहुसंख्य स्त्रिया आफ्रिका आणि आशियातल्या गरीब भागांत आहेत, जिथे सिझरची सोय वेळेवर मिळत नाही. १९५९ मध्ये इथिओपियात गेलेल्या कॅथरिन आणि रेजिनाल्ड हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने अदिस अबाबा शहरात केवळ या इजेसाठी रुग्णालय उभारले. ते रुग्णालय उभे राहण्याआधीच या दांपत्याकडे मामितू गाशे नावाची निरक्षर खेडवळ मुलगी अशाच बाळंतपणानंतर रुग्ण म्हणून आली, बरी होता होता ऑपरेशन थिएटरमध्ये मदत करू लागली आणि पुढे स्वतः फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया करणारी नावाजलेली सर्जन झाली. हिला आता कोणते आयुष्य उरले, असा प्रश्न तुमच्या घरात कुणी विचारत असेल, तर त्यांना मामितूबद्दल सांगा.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. मला तीन मुले आहेत, पहिले झाले तेव्हा मी १६ वर्षांची होते. दोन हंगामांपासून मोळी उचलली की अंग बाहेर येते, रात्री झोपल्यावर आत जाते. अंगावरून पांढरेही जाते. तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली; पिशवी सुजली आहे, ती काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल असे सांगितले. ऑपरेशनसाठी मुकादम उचल, म्हणजे पुढच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, द्यायला तयार आहे. काय करावे?
— ऊसतोड कामगार भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : ताई, उचल घेऊ नका, आणि ऑपरेशनची तारीखही अजून घेऊ नका. अंग बाहेर येण्याचा कॅन्सरशी संबंध नाही आणि पांढरे जाणे म्हणजेही कॅन्सर नव्हे. ते बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होते आणि गोळ्यांनी बरे होते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल, तर त्यासाठी गर्भाशयाच्या त्या तोंडाची तपासणी करतात, तिथल्या पेशी घेऊन पॅप चाचणी करतात. ती न करताच कुणी कॅन्सरची भीती घातली असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुमच्या अंगाला जे झाले ते बाळंतपणातल्या इजेचाच एक प्रकार आहे, फक्त तो सावकाश वर येतो. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून धरून ठेवणारे स्नायू आणि बंध बाळंतपणात ताणले जातात, कधी फाटतात. ते पूर्ववत होण्यासाठी विश्रांती लागते. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला बाजेवरून उतरू न देण्याची रीत होती आणि तिच्यातली विश्रांती तेवढी खरोखर उपयोगाची होती. पण जिथे नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे दोघांची जोडी मिळून कामाचे एकच माप मानले जाते, कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो आणि उचल डोक्यावर असते, तिथे बाळंतीण पंधरा दिवसांत फडात उभी राहते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढते. सोळाव्या वर्षी झालेले पहिले बाळंतपण आणि नंतरची ती ओझी यांचा हिशेब आज तुमचे शरीर मांडत आहे.

सरकारी रुग्णालयात तपासून पिशवी किती खाली आली आहे ते आधी पाहावे लागेल. थोडीच उतरली असेल तर कटीच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. लघवी अडवताना आपण जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे आणि सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हा व्यायाम भाकरी थापतानाही करता येतो आणि कुणाला कळतही नाही. जास्त उतरली असेल तर योनिमार्गात बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची रिंग मिळते. ती पिशवीला आधार देते, ठरावीक काळाने काढून धुवायची असते आणि तिच्यासाठी ऑपरेशन लागत नाही. त्यानेही भागले नाही तर शस्त्रक्रिया आहेच, पण तिच्यात सैल झालेले बंध घट्ट करणे हे मुख्य काम असते आणि ते गर्भाशय ठेवूनही करता येते. नुसती पिशवी काढली आणि बंध तसेच राहिले, तर योनिमार्गाचा वरचा भाग पुन्हा खाली उतरू शकतो.

तुमच्या जिल्ह्यात हा प्रश्न एकट्या बाईपुरता राहिलेला नाही, म्हणून थोडे अधिक लिहिते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे सहा जणींमागे एकीचे. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पाळीचे चार दिवस फडात काढता येत नाहीत, तिथे संडास नाही, पाणी नाही, खाडा परवडत नाही, म्हणून ‘एकदाची कटकट गेली’ असे म्हणत बायका टेबलावर चढल्या आणि टेबलावर घेणारे तयार होते. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे ठेवलेले पर्यायच तेवढे होते. ज्यांनी तपासणी अर्धी करून ऑपरेशन पूर्ण केले त्यांना मात्र दोष दिलाच पाहिजे. अंडाशयेही काढली गेली, तर पाळी जाण्याचे वय अचानक तिशीत येते, अंगातून वाफा निघतात, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि ज्या कामासाठी पिशवी काढली तेच काम पुढे झेपत नाही. शिवाय पिशवी काढताना मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा झाली, तर वरच्या पत्रातल्या भावजयीसारखी गळती याही वाटेने लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला, तो अशाच अनुभवांमुळे. सोनोग्राफीचा कागद घेऊन अंबाजोगाईला किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जा. तिथे गेल्यावर पिशवी काढणे खरोखर गरजेचे निघाले तर ते जरूर करा. पण ते उचल न घेता करता येईल का, याचीही चौकशी तिथेच करा.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. दिवाळीनंतर माझ्या गावातली निम्मी घरे बंद होतात. नोंदणी केलेल्या गरोदर बायकाही टोळीबरोबर जातात आणि माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढेच लिहिले जाते. परत येतात तेव्हा कुणाचे बाळ गेलेले असते, कुणाला इजा झालेली असते. माझ्या हातात काय आहे?
— आशाताई, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, त्या एका शब्दापुढची रिकामी जागा तुम्हाला सलते, हेच मोठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि २०१८–२० च्या, जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणीनुसार राज्याचा मातामृत्यू दर एक लाख जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. हे आकडे अभिमानाचे आहेत. पण उरलेल्या पाच टक्क्यांतल्या बायका राज्यभर सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्या तांड्यांवर, वस्त्यांवर आणि फडांवर आहेत. त्याच पाहणीत १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, बीडमध्ये सुमारे ४४ आणि तुमच्या परभणीत ४८ टक्के होते. लहान वयातली पहिलटकरीण आणि दवाखान्यापासून दूरची कोपी या दोन गोष्टी एकत्र आल्या की अडलेल्या बाळंतपणाची शक्यता वाढते, आणि आपल्या भागात त्या दरवर्षी दसऱ्यानंतर एकत्र येतात.

पूर्वी पहिले बाळंतपण माहेरी होई आणि पोरीला आठव्या महिन्यात माहेरी आणले जाई. आता माहेरही फडावरच असते, त्या घरालाही कुलूप असते. म्हणून टोळी निघण्याआधी, नवरात्राच्या सुमारास, प्रत्येक गरोदर बाईच्या घरी बसून एकच प्रश्न सोडवावा : हिची तारीख हंगामात येते का? येत असेल, तर शेवटचा महिना ती गावात, आजीजवळ किंवा एखाद्या नातलगाकडे राहू शकेल का, हे घरच्यांशी बोलून पाहावे. उचलीपुढे हे बोलणे हरते, हे मी जाणते. पहिलटकरणीपुरते तरी ते जिंकण्याचा प्रयत्न करावा. जाणारच असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत हवे, सासूच्या पेटीत नको. ज्या कारखान्याकडे टोळी जाते त्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव, तिथल्या आशाताईंचा फोन, मुकादमाचा फोन आणि १०२ व १०८ हे आकडे त्या कार्डाच्या मागे तुमच्या हाताने लिहून द्यावेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे आणि दुसऱ्या जिल्ह्यातली बाई म्हणून तिला नाकारता येत नाही, हे तिच्या नवऱ्यालाही सांगावे. गाडी बोलावण्याचा निर्णय रात्री दोन वाजता बहुधा तोच घेतो.

त्याला आणि टोळीतल्या जाणत्या बाईला हे पाठ करून द्या : पहिलटकरणीच्या जोराच्या कळा सुरू होऊन बारा तास होत आले आणि सुटका दिसत नसेल, तर सकाळ उजाडण्याची वाट पाहायची नाही. हात किंवा पाय आधी दिसला, अंगावरून रक्त जाऊ लागले, झटके आले किंवा पाणी जाऊन बराच वेळ झाला आणि कळा नाहीत, तर एक तासही थांबायचे नाही. पोटावर बसून किंवा कोपराने दाबून बाळ खाली ढकलायचे नाही. त्याने गर्भाशय फाटू शकते. कळा वाढवण्याचे इंजेक्शन कोपीत कुणालाही देऊ द्यायचे नाही, कारण बाळ अडलेले असताना त्या इंजेक्शनाने तेच घडते. आणि दर दोन तासांनी तिला लघवीला बसवायचे. भरलेले मूत्राशय डोक्याखाली सापडले तर इजा लवकर आणि मोठी होते. गाडी येईपर्यंत कोपीत करता येण्यासारखी एवढी एक गोष्ट आहे आणि ती अगदी बिनखर्चाची आहे.

परत आलेल्या प्रत्येक बाळंतिणीला, तिचे बाळ असो वा नसो, तुम्ही एकांतात गाठून तीन गोष्टी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे. लघवी आपली आपण गळते का, शौच किंवा वारा आवरत नाही असे होते का, आणि खाली काही बाहेर आल्यासारखे वाटते का? सासूसमोर विचारलेत तर उत्तर ‘नाही’ असेच येईल. आणि ज्यांचे बाळ गेले त्यांच्याकडे आधी जा. बाळाच्या लसीकरणाच्या निमित्ताने आपण बाळवाल्या घरी वारंवार जातो, पण जिचे बाळ गेले तिच्या दारात जायला आपल्याला निमित्तच उरत नाही, आणि नेमकी तीच या इजेची सगळ्यांत संभाव्य रुग्ण असते.

प्रश्न : पत्नीचे बाळंतपण घरीच झाले. आता दोन महिने झाले, तिला वारा आणि पातळ शौच आवरता येत नाही. लाजेने ती दवाखान्यात यायला तयार नाही. हे आपोआप बरे होईल का?
— एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : दादा, बाळ बाहेर येताना खालची कातडी थोडी फाटणे सर्रास घडते आणि ते टाक्यांनी किंवा टाक्यांशिवायही भरून येते. पण ती चीर शौच आवरणाऱ्या गोल स्नायूपर्यंत गेली, तर स्नायूची दोन टोके अलग होतात आणि आपली आपण जुळत नाहीत. तुमच्या पत्नीचे तसेच झालेले दिसते, म्हणून वाट पाहू नका. दवाखान्यात तो स्नायू पुन्हा शिवता येतो. तोवर शौच फार पातळही होऊ नये आणि कुंथावेही लागू नये असे खाणे ठेवा. जुलाबाचे किंवा बद्धकोष्ठाचे औषध डॉक्टरांनाच विचारून घ्या. तपासणीसाठी बाई डॉक्टर हव्यात असे खिडकीवर सांगण्यात काहीच गैर नाही. तुम्ही बरोबर जा आणि आत बोलावले तर आतही जा. तिच्या वतीने तुम्ही पत्र लिहिलेत, तर पहिले वाक्य डॉक्टरांसमोरही तुम्हीच बोललात म्हणजे तिला पुढचे बोलणे सोपे जाईल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझे लघवी गळण्याचे ऑपरेशन झाले आणि मी पूर्ण बरी आहे. पहिले बाळ गेले होते. आता पुन्हा मूल व्हावे असे वाटते, पण तीच गत होईल अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात की यावेळी नीट कळा आल्या तर नैसर्गिकच होईल.
— एक वाचक भगिनी, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला जरूर मूल होऊ शकते. ऑपरेशननंतरचे तीन महिने शरीरसंबंध टाळायचे असतात, तो काळ तुमचा केव्हाच सरला आहे. आता दिवस राहण्याआधीच एकदा तपासून घ्या, हिमोग्लोबिन पाहा आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू करा. सासूबाईंची इच्छा मी समजू शकते, पण फिस्टुला दुरुस्त झालेल्या बाईला कळा सोसायला लावणे म्हणजे शिवलेल्या जागेवर पुन्हा तोच दाब देणे आहे. तुमचे बाळंतपण ठरवून, कळा सुरू होण्याआधी, सिझरनेच व्हायला हवे. दिवस गेल्याचे कळताच पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी करा, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून तपासणी होते तिथे जा, आणि ऑपरेशनचा जुना कागद प्रत्येक वेळी बरोबर न्या. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर ‘फिस्टुला दुरुस्ती झालेली आहे, सिझर करावे’ असे डॉक्टरांकडून लाल शाईने लिहून घ्या. शेवटचे पंधरा दिवस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी मुक्कामाला राहा.